शनिवारचा उतारा

आमच्या चहाच्या गाड्यावर सिनेमाला तारे देत नाहीत, उतारा देतात. शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली, तो उतारा. बाराच्या वर गेला की लोक कारखान्याचं कौतुक करतात, दहाच्या खाली आला की चेअरमनचा उद्धार करतात. कऱ्हाडात मंडईच्या तोंडाशी हा गाडा आहे. तिथं दर शनिवारी सकाळी दहाला आम्ही तिघं बसायचो आणि आदल्या दिवशी बघितलेल्या सिनेमाचा उतारा काढायचो. शेवटचा आकडा मी सांगायचो, कारण मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं केमिस्ट होतो. उसाच्या रसाची बाटली उजेडाला धरून आकडा सांगणाऱ्या माणसाला सिनेमाचाही आकडा कळत असणार, असं बाकीच्या दोघांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. मीही नाही म्हणालो नाही.

दोघांपैकी एक मेजर. तो खरा हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मूळ वडूजकडचा, आता कऱ्हाडात घर बांधून राहिलेला. दुसरे अण्णा, सांगलीकडचे जैन, कऱ्हाडात बी-बियाणांचं दुकान. अण्णा कांदा-बटाटा खात नाहीत, म्हणून गाडेवाला त्यांच्यासाठी मिरचीची भजी वेगळी तळतो, आणि त्यातली निम्मी मेजर खातो.

लष्करी सिनेमा लागला की मेजरला चेव यायचा. "ह्यो कसला बूट घातलाय? त्यो बूट घालून बरफात दोन पावलं चालून दावावं हिरोनं. आनी केस बघ, कानावर आल्यात. सीओ सायबानं सोडला असता व्हय?" अण्णांचं सगळं लक्ष मध्यंतरानंतर गोष्ट कुठं घसरली यावर. दुपारी जेवून दुकानात डुलक्या घेणारे अण्णा सिनेमात कधी डोळा मिटायचे नाहीत. हल्ली त्यांचा मुलगा त्यांना मोबाईलवर परीक्षणं दाखवतो. मेजरला त्याचा भयंकर राग. "ह्ये पाच तारं देनारं पोरगं कोन हाय? त्यानं तिकीट काढलंय का? उंटावरनं शेळ्या हाकतंय." मग साउथचे डब केलेले सिनेमे बरे की वाईट, मराठी सिनेमाला सकाळचाच खेळ का देतात, आवाज एवढा मोठा का ठेवतात, यावर दोघांची जुंपायची. मी गप्प असायचो. दोघं दमले की मेजर माझ्याकडे वळायचा.

"बोल गड्या. उतारा?"

मी चहाचा घोट घ्यायचो, दोन निरीक्षणं सांगायचो आणि आकडा द्यायचो. मेजर मांडीवर थाप मारायचा. "केमिस्टचा डोळा हाय ह्यो." अण्णा मान डोलवायचे. सतरा वर्षं हे असं चाललं.

ती निरीक्षणं माझी नव्हती आणि आकडाही माझा नव्हता. दोन्ही माझ्या बायकोचं होतं. ती गेल्यावर पाच महिने माझ्यापुढे एकच प्रश्न होता, हे त्या दोघांना सांगायचं की नाही. बाकी कशाचंच मला काही वाटत नव्हतं.

आम्ही राहतो कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात. शुक्रवारी तीनचा खेळ सुटला की ती स्कूटरवर मागे बसायची आणि कोल्हापूर नाका गेला की बोलायला लागायची. तोवर गर्दीत तोंड उघडायची नाही. मग घर येईपर्यंत थांबायची नाही. ती कवठे महांकाळकडची. तिच्या लहानपणी तिकडे पाणी लांबून आणावं लागायचं. ती अशी पहिल्यांदा बोलली ती हंड्यांच्या सिनेमावर. त्यात नायिका डोक्यावर दोन हंडे घेऊन गाणं म्हणत येते. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ही मागून म्हणाली, "पानी सांडत चालतीया ती. तीन कोस चालून आनलेलं पानी असं सांडती व्हय कुनी? हंडं रिकामं हायती तिचं." दुसऱ्या दिवशी मी गाड्यावर गंभीर चेहऱ्यानं म्हणालो की दिग्दर्शकाला दुष्काळ माहीत नाही, हंड्याच्या चालीवरून ते कळतं. अण्णांनी ते पुढे महिनाभर गिऱ्हाइकांना सांगितलं.

एका कौटुंबिक सिनेमाबद्दल ती म्हणाली होती, "त्या आईनं सगळ्या सिनेमात एकदाबी बसून घास खाल्लेला न्हाई दावला. नुसतं वाढतीच हाय." एका खलनायकाबद्दल म्हणाली, "त्यो वाईट न्हाई. त्याला कामधंदा न्हाई, येवढंच." मग जरा वेळानं आकडा यायचा. "साडेदहा द्या." किंवा "नवाच्या वर जाऊ नगा." उतारा हा शब्द तिला माझ्यामुळे माहीत होता, पण आकड्यात ती माझ्यापेक्षा कडक होती. सतरा वर्षांत तिनं बारा एकदाच दिले.

मला स्वतःला सिनेमा बघून काय वाटायचं? खरं सांगायचं तर मी बघायचो आणि तिच्या बोलण्याची वाट बघायचो. इथंच घोडं पेंड खायचं. लॅबमध्ये मी नमुना घेतल्याशिवाय आकडा कधी लिहिला नाही. रात्रपाळीची पोरं रस तपासायची नळी फुटली की कालचाच आकडा आज टाकून मोकळी व्हायची, त्यांना मी फाडून खायचो. आणि गाड्यावर मात्र आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलो होतो.

शनिवारीही ती माझ्याबरोबर कऱ्हाडला यायची. मी गाड्यावर बसायचो, ती मंडई करायची. तिची भाजी लवकर आटपायची, मग पिशव्या घेऊन ती स्कूटरपाशी उभी राहायची. स्कूटर गाड्यापासून दहा-पंधरा पावलांवर लावलेली असायची. मेजर हात वर करायचा, ती मान हलवायची. आमची चर्चा संपली की मी उठायचो.

गेल्या हंगामात, कारखान्याचे भोंगे सुरू झाले त्या सुमाराला तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणालो, मग मुतखडा म्हणालो. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पुण्याहून मुलगा आला. शिमग्याच्या आधी तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं ते शेवटचं. तिथं एका शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, "आज नवा लागला आसंल."

"लागू दे," मी म्हणालो.

"जावा बघून. पोरगा हाय हितं. परत येऊन मला सांगा."

मी नाही नाही म्हणत गेलो. सांगलीला जाणाऱ्या रिक्षात बसलो आणि पहिल्यांदा एकटा थेटरात शिरलो. शेजारच्या खुर्चीवर एक पोरगी पॉपकॉर्न ठेवून बसली. सिनेमा एका माणसाचा होता. कोकणातला कुणीतरी, बोटीवर नोकरीला जातो, बायको आणि लहान मुलगी घरी. वर्षं जातात, तो येत नाही, पैसे तेवढे येतात. मध्यंतरापर्यंत मी जागा होतो. आठ रात्री दवाखान्यातल्या बाकड्यावर काढल्या होत्या, एसीची हवा अंगाला लागली आणि मला झोप लागली. दिवे लागले तेव्हा लोक उठून चालले होते. शेवट काय झाला, मला माहीत नव्हतं.

कुणाला तरी विचारता आलं असतं. पॉपकॉर्नवाल्या पोरीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण सिनेमात झोपलो हे सांगायची लाज वाटली. मी मिरजेला परत आलो, स्टुलावर बसलो आणि तिला पहिल्यापासून गोष्ट सांगायला लागलो. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्ये मध्ये विचारायची, "घर कौलारू हाय का पत्र्याचं?" "पोरगी केवढी झाली आता?" मी सांगत गेलो. शेवटाला आलो तेव्हा मी एक शेवट करून सांगितला. तो माणूस परत येतो. संध्याकाळची वेळ. बायको भाकरी थापत असते. तो दार उघडून आत येतो, ती वर बघते, आणि सिनेमा संपतो.

"ती काय म्हनली?"

"काही नाही. नुसती बघते."

तिचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "इतकी वर्सं वाट बघितली आनी बाई गप बसली व्हय? ह्यो शेवट कुना बाप्यानं लिवलाय." थोड्या वेळानं आकडा आला. "साडेदहा हुता. शेवटाचा एक टक्का कापा. साडेनऊ."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मेजर आणि अण्णा एसटीनं मिरजेला आले, हातात शहाळी आणि बिस्किटाचे पुडे. दोघं तिच्या खाटेपाशी पाच मिनिटं उभे राहिले. मेजर तिला म्हणाला, "वैनी, लवकर बरं व्हायाचं. ऑर्डर हाय." ती हसली. मुलगा म्हणाला, तुम्ही खाली चहा घेऊन या, मी आहे. दवाखान्याच्या फाटकाला लागून एक गाडा होता. आम्ही तिथं उभे राहिलो. मेजरनंच सिनेमाचा विषय काढला. त्या दोघांनीही तोच सिनेमा कऱ्हाडात बघितला होता.

"उतारा काय, गड्या?"

मी सवयीनं सांगितलं. म्हणालो, साडेनऊ. शेवट पुरुषानं लिहिल्यासारखा आहे. इतकी वर्षं वाट बघणारी बाई नवरा दारात आल्यावर गप्प कशी बसेल.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. "दारात? आवं साहेब, तो परत कुठं येतोय? शेवटाला पोरीचं लगीन व्हतंय आनी तो फोनवर बघतोय. परत न्हाई येत तो."

"येतो की," मी म्हणालो.

"न्हाई ओ. काल तर बघितलाय आमी."

"अण्णा, तुमचा डोळा लागला असेल," मी म्हणालो. हे मी म्हणालो. मेजर हसायला लागला, म्हणाला, दोघांनी दोन सिनेमं बघितल्यात जनू. मी हट्टानं पुढं बोलतच राहिलो, भाकरीचं सांगितलं, संध्याकाळचं सांगितलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगा होता. "वर या," एवढंच म्हणाला.

मी जिना चढून गेलो तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

त्यानंतरचं जे असतं ते सगळं झालं. माणसं आली, कार्य झालं, मुलगा पंधरा दिवस राहून पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, तुम्ही रडून तरी घ्या." मला रडायला काही हरकत नव्हती, पण येत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि ओठ आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. भाजी आणायचो, कुकर लावायचो, कामवाल्या बाईला काय करायचं ते सांगायचो. नातेवाईक म्हणायचे, खंबीर आहे. मी खंबीर बिंबीर नव्हतो. तिच्या साड्या कपाटातून काढून तिच्या बहिणीला दिल्या, तेव्हाही मी कोणत्या घडीत डांबराच्या गोळ्या आहेत हे बघत होतो.

तीन महिन्यांनी अण्णांचा फोन आला. "शुक्रवारचं तिकीट काढलंय साहेब. तिघांचं शेजारी शेजारी." मी गेलो. नाही म्हणायलाही काही वाटावं लागतं. मेजर आणि अण्णांच्या मध्ये बसलो. सिनेमा विनोदी होता, लोक हसत होते. मेजरची ढेरी हलत होती. मी पडद्याकडे बघत होतो. शनिवारी गाड्यावर बसलो. सिनेमाचं झालं, मग मेजरनं जरा दबकत विचारलं.

"उतारा?"

मी विचार केला, ती काय म्हणाली असती. त्या सिनेमात एका लग्नाच्या मांडवात सगळी पंगत बसते आणि वाढपी दिसतच नाहीत. ते मी सांगितलं आणि नऊ म्हणालो. मेजरनं मांडीवर थाप मारली. "आला, आला आमचा केमिस्ट परत." त्यांना इतकं बरं वाटलं की मला काही खरं सांगता आलं नाही.

तसे सात-आठ शनिवार गेले. दर शुक्रवारी मी स्कूटरवरून एकटा घरी यायचो आणि नाका गेला की मनात तिचं बोलणं जुळवायचा प्रयत्न करायचो. सुरुवातीला जमायचं. ती काय बघेल, कुठं नाक मुरडेल, किती टक्के कापेल, सतरा वर्षं ऐकलेलं होतं. मग एकेक शुक्रवार गेला तसं ते पातळ व्हायला लागलं. मी तिच्या जुन्याच वाक्यांना नवे सिनेमे चिकटवायला लागलो. आई बसून जेवत नाही, हे मी तीन वेळा वापरलं. नमुना न घेता आकडा टाकणाऱ्या पोरांना मी काय काय बोललो होतो ते मला आठवायचं, आणि तरी मी आकडा टाकायचो.

आषाढात, बैलांच्या बेंदराच्या आदल्या शुक्रवारचा सिनेमा एका बाईचा होता. साठीची बाई, मुलं परदेशात, घरात एकटी. तिला कधीच पोहायला आलेलं नसतं. ती नगरपालिकेच्या तलावावर जाऊन पोरांच्यात शिकायला लागते. एवढीच गोष्ट. थेटरात पंधरा-वीस माणसं होती. शेवटी ती पाण्यावर पाठीवर तरंगते आणि वर आभाळ दिसतं, संपलं. अण्णा चष्मा काढून पुसत होते. मला काही झालं नाही.

परत येताना नाका गेला आणि मी सवयीनं वाट बघायला लागलो, की ती आता काय म्हणेल. काहीच आलं नाही. घर आलं तरी आलं नाही. रात्री जेवताना मी बळंच विचार केला. तिला हसू आलं असतं? की आवडलं असतं? कवठ्याकडची बाई, प्यायच्या पाण्यासाठी पाय झिजवलेली, पोहण्याच्या तलावाचं तिला काय वाटलं असतं? तिला पोहता येत नव्हतं, एवढं मला माहीत होतं. शिकावंसं वाटत होतं का, हे मी विचारलेलं नव्हतं. कृष्णेकाठी एवढी वर्षं राहिलो, घाटावर किती वेळा उभे राहिलो, पण हा प्रश्न कधी तोंडातून निघाला नाही.

शनिवारी गाड्यावर भांडण जोरात होतं. मेजरला सिनेमा पटलेला नव्हता. "पवायला काय शिकायचं असतंय? आमाला तर हिरीत ढकलून द्यायचं. दोन तासात येतंय." अण्णा त्यांच्या मानानं तापले होते. "मेजर, ती बाई साठ वर्सांची हाय. तिला कुनी ढकललं न्हाई, हाच तर सिनेमा हाय." मेजर म्हणाला, एवढ्याला दोन तास कशाला. अण्णा म्हणाले, तुमाला बाँब फुटल्याबिगर सिनेमा दिसत न्हाई. शेवटी दोघं दमले आणि माझ्याकडे वळले.

"बोल गड्या."

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"म्हंजे? झोपलास का काय?"

"जागा होतो. पण उतारा मला काढता येत नाही. कधीच येत नव्हता." मग मी सांगून टाकलं. हंडे तिचे, पंगत सोडून बाकी सगळं तिचं, आकडे तिचे, ते एकदाच दिलेले बारासुद्धा तिचेच. मी फक्त शुक्रवारी ऐकायचो आणि शनिवारी बोलायचो. ती गेल्यापासूनचे आकडे मी मनानेच ठोकून दिले. बोलताना माझा आवाज लॅबमधला रिपोर्ट वाचावा तसा होता. मला वाटत होतं, दोघं रागावतील. रागावले असते तर बरंच झालं असतं.

अण्णांनी भजीची प्लेट बाजूला सरकवली. "मग मिरजेला दवाखान्याखाली बोललात तेबी वैनींचं?"

"शेवट बाप्यानं लिहिलाय, हे तिचं. पण तो शेवट माझा होता. मी झोपलो होतो आणि तिला मनचं सांगितलं. तुम्ही बरोबर होता अण्णा. तो परत येत नाही."

"म्हंजे वैनींनी तुमचाच टक्का कापला," अण्णा म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मलाही जरा आलं. मेजर हसला नाही. तो ग्लासातल्या चहाकडे बघत होता.

"मेजर, चुकलंच माझं," मी म्हणालो. "ती दोन निरीक्षणं मी तिच्या नावानं सांगितली असती तर काय बिघडलं असतं? पण तुम्हीही तिला कधी विचारलं नाही, मग मलाही सुचलं नाही."

"मी इचारलं हुतं," मेजर म्हणाला.

"कधी?"

"पयल्या वर्सी. त्यो हंड्याचा सिनेमा झाला त्येच्या आदी कवातरी. मी तुला म्हनलं, वैनी बी बगत्यात की, त्यास्नी बोलव चहाला, त्यास्नी कसा वाटला इचारू." त्यानं ग्लास खाली ठेवला. त्याला पुढचं बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. "तू म्हनलास, तिला काय कळतंय त्यातलं, सोबत म्हनून येती. मग मी परत न्हाई इचारलं. म्हनलं, घरातली बाब हाय."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण मेजरला खोटं बोलता येत नाही, आणि ते वाक्य माझ्याच तोंडचं होतं, ओळखू आलं.

"मी हळू म्हणालो असेन," मी म्हणालो.

"न्हाई," मेजर म्हणाला. "चांगलं मोठ्यांदी म्हनलास."

"ती कुठं होती तेव्हा?"

मेजरनं हातानंच दाखवलं. आजही माझी स्कूटर तिथंच लावलेली होती. "पिशव्या घिऊन हुबी हुती. मी हात केला. तिनं मान हलवली, रोजच्यावानी."

अण्णा म्हणाले, जाऊ दे मेजर. मेजर म्हणाला, त्यानं इचारलं म्हनून सांगितलं. दोघं काहीतरी बोलत राहिले. गाडेवाल्यानं दुसरा चहा आणून ठेवला. मी हिशोब करत होतो. पहिलं वर्ष म्हणजे सतरा वर्षांपूर्वीचं. हंड्याचा सिनेमा त्याच्या नंतरचा. म्हणजे तिनं मला पहिलं वाक्य सांगितलं, त्याच्या आधीच तिनं ते ऐकलेलं होतं. ऐकून घेऊन ती पुढच्या शुक्रवारी माझ्या मागे बसली, नाका ओलांडला आणि बोलायला लागली. नंतरची सतरा वर्षं दर शुक्रवारी सांगत राहिली, आणि दर शनिवारी पिशव्या धरून तेच माझ्या तोंडून ऐकत राहिली. एकदाही ती मला त्यावरून बोलली नाही.

मी ग्लास उचलायला गेलो तर चहा अंगावर सांडला आणि भाजला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला काही लागलं. मेजरनं खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. भरल्या मंडईच्या तोंडावर मी त्या टॉवेलात डोकं घालून बराच वेळ रडलो. ते दोघं उठले नाहीत. त्या दिवशी उतारा निघाला नाही.